सावित्रीची भरती आणि ‘म्हादेई’ची फेरी

पोलादपूर, महाडवरून वाहणारी सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते. पूर्वी गलबतं भरती साधून दासगाव बंदरापर्यंत वर येत आणि ओहोटी धरून उतरत. खाडीकाठच्या घरांत मुलं सुकाणू धरायला शिकतात ती वडील-काकांच्या होडीतच, पावसाआधीच्या मोकळ्या दिवसांत.

मोठ्या सफरीलाही असा सराव लागतोच. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ २००९च्या उन्हाळ्यात मॉरिशसपर्यंत नेली. परतताना नावेवर ते एकटेच. माझ्या मते खरी परीक्षा तीच! नारळी पौर्णिमा उलटल्यावर, १९ ऑगस्टला, त्यांनी मुंबई सोडली. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाउन अशी पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१०मध्ये ते परतले. शिडाच्या नावेतून एकट्याने ती पुरी करणारे ते पहिले भारतीय.