अलबत्या-गलबत्यांचा नाटककार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस येथे चार शब्द बोलण्यास पाचारण केले व विषय निवडण्याची मुभाही दिली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. अशा व्यासपीठावरून ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे, उच्च शिक्षण, विवाहातील खर्च इत्यादी विषयांचा ऊहापोह होत असतो, आणि तो व्हावयासही हवा. परंतु सभागृहाच्या पुढच्या चार रांगा आज ज्यांनी व्यापल्या आहेत, त्या मंडळींच्या पदरी अशा भाषणांतून फारसे काही पडत नाही. म्हणून आम्ही असे ठरविले की, ज्याने आपल्या लेखणीचा मोठा वाटा मुलांसाठी राखून ठेवला, अशा एका नाटककाराविषयी आज बोलावे. ते नाटककार म्हणजे कै. रत्नाकर मतकरी. ते कोणत्या ज्ञातीचे, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असल्यास त्याने तो मनातच ठेवावा. मुलांच्या लेखकास ज्ञाती नसते. पुढच्या चार रांगा हीच त्याची ज्ञाती.

मतकरींचा जन्म १७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत झाला. १९५५ साली, वयाची सतरा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, ‘वेडी माणसं’ ही त्यांची एकांकिका आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून ध्वनिक्षेपित झाली. अर्थशास्त्राची पदवी घेऊन ते बँक ऑफ इंडियामध्ये नोकरीस लागले आणि १९७८ पर्यंत, म्हणजे सुमारे वीस वर्षे, त्यांनी ती नोकरी केली. मध्यमवर्गीय घरातील मुलाने जे करावे, तेच त्यांनी केले. परंतु दिवसभर खातेवह्या पाहणारा हा तरुण उरल्या वेळी राक्षस, चेटकिणी आणि राजकन्या यांचे हिशेब मांडीत बसला होता, हे मात्र आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी चालले नसते.

त्या काळी मुलांचे नाटक म्हणजे काय होते, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. मुलांसाठी कोणी लिहीतच नव्हते असे नव्हे. आचार्य अत्र्यांनी मुख्याध्यापक असताना शाळेतील मुलांकरिता ‘गुरुदक्षिणा’सारखी नाटके लिहिली होती. परंतु सामान्यतः मुलांचे नाटक म्हणजे शाळेच्या संमेलनात मुलांनी करावयाचे व पालकांनी कौतुकाने पाहावयाचे नाटक. पाठांतर चोख, उच्चार स्पष्ट आणि शेवटी एखादा सदुपदेश, एवढ्यावर त्याची इतिश्री होत असे. रंगमंचावर मुले होती, पण प्रेक्षागृहात बसलेल्या मुलाचा विचार फारसा कोणी केला नव्हता.

तो विचार श्रीमती सुधा करमरकर यांनी केला. अमेरिकेत जाऊन त्यांनी बालरंगभूमीचा अभ्यास केला आणि परत आल्यावर मुंबई मराठी साहित्य संघाच्या आश्रयाने १९५९ साली ‘लिटल थिएटर’ ही संस्था सुरू केली. मुलांचे नाटक हे मुलांनी पाहावयाचे नाटक आहे. त्यात कसलेल्या नटांनी कामे केली पाहिजेत. नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा यांत तसूभरही कमतरता चालणार नाही, अशी त्यांची धारणा होती. या संस्थेचे पहिले नाटक ‘मधुमंजिरी’. चेटकिणीची भूमिका स्वतः सुधाताईंनी केली, आणि नाटक लिहिले होते रत्नाकर मतकरी यांनी. लेखकाचे वय त्या वेळी अवघे वीस वर्षांचे!

पुढे १९६२ साली मतकरींनी आपली स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. पत्नी श्रीमती प्रतिभा मतकरी या संसारात आणि नाटकात दोन्हीकडे त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. सुमारे तीस वर्षे ही संस्था त्यांनी चालविली, आणि तीही पदरमोड करून. ही पदरमोड म्हणजे काय, हे येथे जमलेल्या व्यापारी व नोकरदार मंडळींस समजावून सांगण्याची गरज नाही. नाट्यगृहाचे भाडे मुलांचे नाटक आहे म्हणून कोणी माफ करीत नाही. पडदे रंगवावयाचे तर रंग तितकाच लागतो. उलट मोठ्यांच्या नाटकात एका दिवाणखान्यावर भागते, तर मुलांच्या नाटकात राजवाडा, अरण्य आणि राक्षसाची गुहा असे तिन्ही उभे करावे लागते. एवढे करून तिकीट मात्र स्वस्त ठेवावयाचे, आणि प्रयोग लावावयाचे ते बव्हंशी सुट्टीच्या दिवसांत. जमेची बाजू लहान व खर्चाची मोठी, असा हा धंदा. बँकेतील माणसाला हा ताळेबंद दिसत नव्हता असे कोण म्हणेल? दिसत असूनही त्यांनी तो तीस वर्षे चालविला, यातच त्यांची निष्ठा दिसून येते.

आता त्यांच्या नाटकांविषयी. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अचाटगावची अफाट मावशी’, ‘राक्षसराज झिंदाबाद’, ‘इंद्राचे आसन, नारदाची शेंडी’, ‘सरदार फाकडोजी वाकडे’, ‘अलबत्या गलबत्या’ ही नुसती नावे उच्चारून पाहा. तिसऱ्या रांगेत बसलेली ती छोटी मुलगी नावे ऐकूनच हसली! मुलाला अर्थ कळण्याआधी नाद कळतो, हे तत्त्व आपल्या आज्यांना ठाऊक होते. म्हणून तर त्यांची बडबडगीते पिढ्यान्‌पिढ्या टिकली. मतकरींनी तेच तत्त्व रंगभूमीवर आणले. नाटकाच्या जाहिरातीपासूनच मुलाच्या जिभेला खेळणे मिळाले.

दुसरी गोष्ट भयाची. मुलांना भीती दाखवू नये, असे आपण शहाणी माणसे म्हणतो आणि दिवसातून दहा वेळा बागुलबुवाचे नाव घेतो. मतकरी हे मोठ्यांसाठी गूढकथा लिहिणारे नामांकित लेखक. ‘खेकडा’ ही त्यांची कथा वाचून अनेकांची झोप उडालेली आहे. भयाची मात्रा किती द्यावी, याचे माप त्यांच्या हाती अचूक होते. त्यांची चेटकीण मुलांना भिववते आणि त्याच श्वासात हसविते. ज्याची भीती वाटते त्याला हसता येते, हा अनुभव सात वर्षांच्या जिवाला काळोखात, आईचा हात धरून, दोन तासांत मिळतो. धीटपणावरची शंभर व्याख्याने हे काम करू शकणार नाहीत. शिवाय, बाल-प्रेक्षक हा फार कठोर परीक्षक असतो. मोठा माणूस कंटाळला तरी भिडेखातर बसून राहतो. मूल कंटाळले की पाणी मागते. म्हणून मुलांच्या नाटकात लांबलेला संवाद चालत नाही. जे सांगावयाचे ते घडवून दाखवावे लागते. ही शिस्त ज्याने पाळली, त्याचा मोठ्यांच्या नाटकातही हात बसला तर नवल नाही.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘अलबत्या गलबत्या’ या नावाचा अर्थ काय? आपण बोलताना म्हणतो, ‘हे काम कोणा अलबत्या-गलबत्याचे नव्हे.’ म्हणजे ज्याला कोणी विचारीत नाही, ज्याच्या असण्या-नसण्याने कोणाचे अडत नाही, असा किरकोळ माणूस. ज्या शब्दाने समाज एखाद्याला दाराबाहेर ठेवतो, तोच शब्द या नाटककाराने नाटकाच्या शिरोभागी मोठ्या अक्षरांत लिहिला. मोठ्यांच्या सभेत मूल हे अलबत्या-गलबत्याच असते. ‘तू मध्ये बोलू नकोस’, ‘तुला काय कळते’, ‘जा, बाहेर खेळ’ ही वाक्ये ऐकल्याशिवाय आपल्यापैकी कोण लहानाचा मोठा झाला आहे? त्या मुलाला मतकरींनी सांगितले की, ही गोष्ट तुझी आहे.

कोणी म्हणेल, ज्याला मोठ्यांचे जमत नाही तो मुलांकडे वळतो. मतकरींच्या बाबतीत हा आक्षेप क्षणभरही टिकत नाही. १९७४ मध्ये त्यांनी ‘आरण्यक’ हे नाटक लिहिले. महाभारतातील युद्ध संपल्यावर वनात गेलेल्या वृद्धांची ती व्यथा आहे. ‘लोककथा ७८’ मध्ये त्यांनी गावकुसाबाहेरील माणसांवर होणारा अत्याचार रंगभूमीवर आणला आणि सुखवस्तू प्रेक्षकाला अस्वस्थ केले. ‘दुभंग’, ‘माझं काय चुकलं?’, ‘चार दिवस प्रेमाचे’ ही त्यांची नाटके आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. २००३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. ‘इन्व्हेस्टमेंट’ या त्यांच्या चित्रपटास राष्ट्रीय पुरस्कार लाभला. असा मान मिळू लागल्यावर बालनाट्य हे बाळपणीचे अंगरखे म्हणून खुंटीला टांगून ठेवावे, असा मोह कोणालाही झाला असता. मतकरींनी तसे केले नाही. ज्या लेखणीने धृतराष्ट्राचा शोक लिहिला, तिनेच राक्षसाची फजितीही लिहिली, आणि दोन्ही कामे सारख्याच गंभीरपणे केली.

या निष्ठेचे फळ त्यांनी डोळ्यांनी पाहिले. २०१८ साली ‘अलबत्या गलबत्या’ नव्या संचात रंगभूमीवर आले. पूर्वी ज्या चेटकिणीची भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी गाजविली होती, ती आता वैभव मांगले यांनी केली. हाती भ्रमणध्वनी घेऊन जन्मलेली मुले असले नाटक काय पाहणार, अशी शंका घेणारे पुष्कळ होते. त्याच वर्षी एका दिवसात या नाटकाचे पाच प्रयोग झाले! नातवंडांना घेऊन आलेल्या आजी-आजोबांनी आपल्या लहानपणचे नाटक पुन्हा पाहिले. मुलांच्या साहित्यातील एकंदर कामगिरीबद्दल साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कारही त्यांना २०१८ मध्येच मिळाला. पुढे मे २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, ते आपणांस सोडून गेले.

परंतु पुरस्कारांपेक्षाही त्यांच्या उत्तरायुष्यातील एक काम आम्हांस मोठे वाटते. पंचाहत्तरीच्या आसपास, लोक सत्कार घेत हिंडतात त्या वयात, मतकरींनी ठाण्यातील समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. वस्त्यांमध्ये राहणाऱ्या मुलांना त्यांनी सांगितले की, आमचे लिहिलेले नाटक तुम्ही करू नका. तुमचे नाटक तुम्हीच लिहा. तुमच्या घरात, गल्लीत, शाळेत जे घडते ते रंगमंचावर आणा. आणि त्या मुलांनी ते आणले. साठ वर्षांपूर्वी ज्याने मुलासाठी प्रेक्षागृहात खुर्ची मागितली, त्याने शेवटी मुलाच्या हाती लेखणी दिली. आणि कोणत्या मुलाच्या? तिकीट काढून नाटकाला येणे ज्याला कधीच परवडले नाही, त्याच्या. ‘अलबत्या-गलबत्या’ या शब्दाचा खरा अर्थ येथे पुरा झाला, असे आम्ही समजतो.

आता यातून आपण काय घ्यावयाचे? आपल्यासारख्या मंडळांची संमेलने सर्वांनी पाहिली आहेत. मुलांच्या कार्यक्रमाची वेळ ती असते, जेव्हा मोठी माणसे चहाला उठलेली असतात. ध्वनिक्षेपक जुळवावयाचा असतो, पाहुणे यावयाचे असतात, तोवर मुलांनी नाचावे अशी आपली सोय. बक्षीस गुणपत्रिकेला मिळते. आणि ते मिळावेच. परंतु ज्या मुलाने एखादे सोंग मनापासून वठविले, ज्या मुलीने पाठ न केलेले, स्वतःला सुचलेले वाक्य रंगमंचावर म्हटले, तिची नोंद आपल्या अहवालात कोठे असते?

आम्ही तीन लहान सूचना मंडळापुढे नम्रपणे ठेवतो. पहिली अशी की, पुढील वर्षापासून मुलांचे नाटक संमेलनाच्या मध्यभागी, सर्व मंडळी बसलेली असताना व्हावे. दुसरी अशी की, शिष्यवृत्त्यांच्या निधीतून थोडी रक्कम काढून मुलांनी स्वतः लिहिलेल्या नाटुकल्यासाठी एक पारितोषिक ठेवावे. विषय त्यांचा, भाषा त्यांची, आपण फक्त पडदा ओढावा. तिसरी सूचना करताना आम्हांस किंचित धीर एकवटावा लागतो. या सभागृहाच्या मागील वस्तीतील मुले आज खिडक्यांच्या गजांना धरून आपला कार्यक्रम पाहत आहेत. मुलांच्या नाटकाच्या दिवशी तरी त्यांच्यासाठी दार उघडावे, आणि पुढील चार रांगांत त्यांनाही बसू द्यावे. ज्ञातीचे मंडळ ज्ञातीच्या वर्गणीवर चालते, हे आम्ही जाणतो. परंतु आपल्या मुलाने राक्षसाचे सोंग आणले आणि अनोळखी मुलगा त्याला पाहून हसला, तर त्या हसण्याने आपल्या मुलाचे काही कमी होणार नाही. नाटकाला प्रेक्षक लागतो. आणि ज्या मुलाने घरच्याच माणसांच्या टाळ्या ऐकल्या, त्याला आपले नाटक खरोखर जमले की नाही, हे कधी कळतच नाही.

मतकरींचे स्मारक करा, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या नाटकांची पुस्तके मिळतात. ती घरी आणावीत, रात्रीच्या जेवणानंतर मोठ्याने वाचावीत, आणि राक्षसाचा आवाज वडिलांनी काढावा. घरातील मूल हसते की घाबरते ते पाहावे. सुट्टीत एखाद्या बालनाट्याचा प्रयोग लागला, तर सिनेमाच्या तिकिटांचे पैसे तिकडे वळवावेत. एवढे जरी पंचवीस घरांतून झाले, तरी आजच्या भाषणाचे चीज झाले असे आम्ही मानू.