पाठचा वारा

वारा येईल तशी पाठ द्यावी, हे व्यवहारातले शहाणपण सर्वपरिचित आहे. समुद्रावर मात्र नुसती पाठ देऊन फारसे साधत नाही. समजा, ताशी १० मैलांचा वारा वाहत आहे आणि एक लहान नौका ताशी ६ मैलांच्या वेगाने सरळ त्याच्यापुढे पळत आहे. अशा वेळी तिच्या शिडाला जाणवणारा वारा अवघा ४ मैलांचा उरतो. नौका जितकी वेगाने पळेल, तितका तिचा आधारच क्षीण होत जातो.

पूर्वी यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंनी सारखे असे मोठे फुगीर शीड उभारीत. त्यास स्पिनेकर म्हणतात. ते आडव्या दांड्याने ताणून धरावे लागे आणि दिशा बदलताना तो दांडा दर वेळी एका बाजूकडून दुसरीकडे न्यावा लागे. १९८० च्या दशकात सिडनीच्या बंदरातील अठरा फुटी शर्यतीच्या नौकांवर निराळी पद्धत रुजली. नाळेच्या पुढे एक दांडा काढून त्याच्या टोकास शिडाचा खालचा पुढचा कोपरा बांधावयाचा. या शिडाची पुढची कड लांब व मागची आखूड असते, म्हणून त्यास विषम स्पिनेकर म्हणतात. कोकणच्या गलबताचे शीडही दोन्ही बाजूंनी सारखे नसते, हे येथे आठवण्यासारखे आहे.

या शिडाला वारा केवळ ढकलीत नाही. पुढच्या कडेने शिरून तो मागच्या कडेने निसटतो आणि शीड पक्ष्याच्या पंखासारखे नौकेस ओढते. म्हणून नौका सरळ न जाता तिरपी जाते. वेग वाढला की जाणवणारा वारा अधिकाधिक पुढून येऊ लागतो आणि त्याचा जोरही टिकून राहतो. वाट लांबते, परंतु वेळ वाचतो. ज्युलियन बेथवेट यांनी आखलेली 'फोर्टीनाइनर' ही याच तत्त्वावरची नौका. ती सुमारे ५ मीटर लांब असून तिचे एकटे स्पिनेकर सुमारे ३८ चौरस मीटरचे असते. बाकीची दोन शिडे मिळून जेमतेम २१ भरतात. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये तिचा प्रथम समावेश झाला.

एवढे कापड बांधताना घाई उपयोगी नाही. शिडाचे तीन कोपरे आधी ओळखून घ्यावे. माथ्याचा कोपरा वर ओढणाऱ्या दोरास, पुढचा दांड्याच्या टोकाकडील दोरास आणि मागचा दोन्ही बाजूंच्या दोरांस बांधावा. हे बाजूचे दोर डोलकाठीच्या आधारतारांच्या बाहेरून मागच्या कप्प्यांपर्यंत न्यावेत. एखादा दोर तारेच्या आतून गेला, तर ती चूक भर वाऱ्यात उघडकीस येते. म्हणून किनाऱ्यावरच, वारा मंद असताना, शीड एकदा पूर्ण चढवून पाहावे.

पाण्यात शीड चढविताना नौका वाऱ्याच्या दिशेने वळवावी, म्हणजे नवे शीड मोठ्या शिडाच्या आडोशास राहते. प्रथम पुढचा कोपरा दांड्याच्या टोकाशी न्यावा, मग माथा झरझर वर ओढावा आणि त्यानंतरच बाजूचा दोर ताणावा. हा क्रम चुकला, तर अर्धे चढलेले शीडच वाऱ्याने भरते.

यानंतर सुकाण्या आणि त्याचा साथीदार यांची खरी परीक्षा सुरू होते. साथीदाराने दोर हळूहळू सैल करीत जावे. पुढची कड किंचित मुडपू लागली की थोडा ओढावा आणि पुन्हा सैल करावा. त्याची नजर त्या कडेवरून ढळता कामा नये. वाऱ्याचा झोत आला की सुकाण्याने नौका वाऱ्यापासून दूर वळवावी. झोत ओसरला की पुन्हा वाऱ्याकडे आणावी. नवशिक्या मनुष्य झोतात घाबरतो आणि हातातला दोर घट्ट आवळून धरतो. नौका कलते, सुकाणूची पाण्यावरची पकड सुटते आणि क्षणार्धात ती उलटते. त्या क्षणी दोर सोडून देणे हाच बचाव असतो. म्हणून तो हाताला कधीही गुंडाळू नये.

दिशा बदलताना शिडाचा मागचा कोपरा त्याची पुढची कड आणि नाळेची तार यांच्यामधून पलीकडे जातो. जुना दोर सोडणे व नवा ओढणे ही दोन्ही कामे एका लयीत व्हावी लागतात. उतरवितानाही नौका वाऱ्यापुढे वळवून शीड आडोशास घ्यावे. मात्र त्याआधी माथ्याचा दोर गुंतलेला नाही, याची खात्री करावी.

हे कसब भारतीयांनीही आत्मसात केले आहे. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत वरुण ठक्कर व के. सी. गणपती यांनी याच नौकेवर कांस्यपदक मिळविले. वर्षा गौतम व श्वेता शेरवेगर यांनी तिच्या महिलांसाठीच्या आवृत्तीत रौप्यपदक पटकाविले. ठक्कर व गणपती ही जोडी २०२१ साली टोकिओच्या ऑलिंपिकमध्येही उतरली.

प्रत्येक वेळी नौकेत दोघे होते. सुकाण्याला दोराचा ताण हातात जाणवत नाही आणि साथीदाराला सुकाणू फिरविता येत नाही. झोत आला की एकाने वळावयाचे व दुसऱ्याने सोडावयाचे, आणि तेही परस्परांना विचारण्यास सवड नसताना. पाठच्या वाऱ्याचा लाभ ज्यांना हवा, त्यांनी हा मेळ किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यात आधी जमवून घ्यावा.