शून्य गोलांचा हिशेब

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुम्ही इंजिनिअर आहात, मुलांना करिअरवर चार शब्द सांगा." चार शब्द आणले आहेत, पण ते फुटबॉलचे आहेत. हसू नका. मी आयुष्यात एकदाच फुटबॉल खेळले, धान कापून झालेल्या बांधीत, आणि तेव्हा चेंडूपेक्षा माझी चप्पलच लांब गेली होती. ते पाहणारे दोघेतिघे आज इथे बसले आहेत.

तरी हा विषय घेतला, कारण मला एक चूक कबूल करायची आहे.

काही वर्षांपूर्वी महाशिवरात्रीच्या जत्रेला मी मार्कंड्याला आले होते. दर्शन झालं आणि नदीकडे उतरताना आपल्या शाळेचा एक मुलगा वडिलांसोबत भेटला. सोळा वर्षांचा. जिल्ह्याच्या संघात बचावपटू म्हणून खेळलेला. नागपूरच्या निवड चाचणीत त्याला घेतलं नव्हतं. वडिलांनी विचारलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या. पुढं खेळू द्यावं का पोराला?" मी खेळातलं काही न कळताच म्हणाले, "सोळाव्या वर्षी निवड होत नाही म्हणजे पुढं कठीणच. पॉलिटेक्निकला टाका." मुलगा काही बोलला नाही. त्याने मान हलवली आणि दोघं घाटाकडे गेले. त्याने खेळणं सोडलं, हे मला वर्षभराने कळलं.

कळल्यावर बरं वाटेना. मग मी जे माझ्या कामात करते तेच केलं. आधी सल्ला दिला होता, आता माहिती काढायला बसले. आपल्या महाराष्ट्रातला एखादा बचावपटू नेमका कसा घडला, हे शोधताना राहुल भेके भेटला. म्हणजे कागदावर भेटला.

राहुल भेके मुंबईचा. जन्म ६ डिसेंबर १९९०. एअर इंडियाच्या संघातून तो खेळला, नंतर मुंबई एफसीकडून. ही नावं ऐकून तुमच्यापैकी कुणाचे डोळे चमकले नाहीत. तेव्हाही फारसे कुणाचे चमकत नव्हते. २०१४ मध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये गेला. त्या काळात आय-लीग आणि इंडियन सुपर लीग या दोन स्पर्धा वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत होत. त्यामुळे खेळाडू एका क्लबाचा असायचा आणि मधल्या काळात दुसऱ्याला उसना दिला जायचा. आपल्याकडे बैलजोडी मागून नेतात तसं. भेके २०१५ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडे उसना गेला, २०१६ मध्ये पुणे सिटीकडे. दरवर्षी नवं गाव, नवा प्रशिक्षक, नवी भाषा, आणि संघातली जागा पुन्हा पहिल्यापासून मिळवायची.

२०१७ मध्ये दोन्ही स्पर्धा एकाच वेळी सुरू झाल्या, उसनवारी संपली आणि तो बंगळुरू एफसीचा झाला. २०१८ च्या सुपर कपच्या अंतिम सामन्यात समोर त्याचाच जुना संघ ईस्ट बंगाल होता. बंगळुरू एका गोलने मागे असताना बरोबरीचा गोल या बचावपटूने केला आणि बंगळुरू ४-१ ने जिंकला. पण त्याच वर्षी १७ मार्चला बंगळुरू घरच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना हरला होता. बरोबर एका वर्षाने, १७ मार्च २०१९ ला, पुन्हा अंतिम सामना. या वेळी मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, गोव्याच्या संघाशी. नव्वद मिनिटं गोल नाही. जादा वेळही संपत आला. ११७ व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि भेकेने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. १-०. बंगळुरूचं ते पहिलं इंडियन सुपर लीग विजेतेपद, आणि ते मिळवून देणारा मुलगा त्याच शहरातला.

त्यानंतर त्याला भारताकडून खेळायला मिळालं. ५ जून २०१९, थायलंडमधली किंग्ज कप स्पर्धा. तेव्हा त्याचं वय अठ्ठावीस होतं. मुलांनो, सोळा नव्हे, अठ्ठावीस. हा आकडा वाचला आणि मला तो घाट आठवला.

पण मला सर्वांत आवडलेला सामना वेगळाच आहे. १० सप्टेंबर २०१९, दोहा, विश्वचषकाची पात्रता फेरी. समोर कतार, त्याच वर्षी आशियाचा विजेता झालेला. आपला कर्णधार सुनील छेत्री आजारी. उजव्या बाजूला राहुल भेके, डाव्या बाजूला गोव्याचा मंदार राव देसाई, मध्ये संदेश झिंगन आणि आदिल खान, मागे गोलरक्षक गुरप्रीत. कतारचे हल्ल्यांमागून हल्ले येत राहिले. शेवटी फळ्यावर काय? ०-०. गोल करणाऱ्यांच्या यादीत एकही नाव नाही. तरीही त्या रात्री भारतीय फुटबॉलमध्ये कितीतरी वर्षांत झाली नव्हती अशी गोष्ट झाली होती.

बचावपटूची कमाई अशी शून्यात मोजायची असते, म्हणून ती दिसत नाही. मला हे नोकरीतच कळायला हवं होतं. रात्रभर सर्व्हर बंद पडला नाही, म्हणून सकाळी कुणी पेढे वाटत नाही.

म्हणूनच निवड चाचणीत बचावपटूवर अन्याय होतो. वीस-पंचवीस मिनिटांच्या खेळात पुढचा मुलगा दोन गोल मारतो आणि नजरेत भरतो. मागच्या मुलाचं काम म्हणजे समोरचा कुठे पळणार हे ओळखणं, शेजारच्याला हाक मारणं, कधी पुढे जायचं आणि कधी जागा सोडायची नाही हे ठरवणं. अनोळखी दहा मुलांत वीस मिनिटांत ते दाखवणार कसं? हे कसब चुका करत, सामने खेळत येतं आणि उशिरा पिकतं. इटलीचा फाबियो कान्नावारो बचावपटूच होता. बॅलन डी'ऑर त्याला २००६ मध्ये मिळाला, तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. भेकेचंही तेच. ११ एप्रिल २०२२ ला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. त्या स्पर्धेत भारतीय क्लबाने जिंकलेला तो पहिला सामना. त्यातला विजयी गोल भेकेच्या डोक्याचा, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

आता मुद्द्याचं बोलते. सुरुवातीची वर्षं भेके टिकला, कारण त्याच्या शहरात लहान-मोठे संघ होते. कुणी त्याला तारा म्हणत नव्हतं, पण सरावाला मैदान होतं आणि शनिवार-रविवारी सामना होता. त्यातल्या कितीतरी पायऱ्या आज राहिल्या नाहीत. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २०१० मध्येच संघ बंद केला. एअर इंडिया २०१३ मध्ये परवान्याच्या अटींमुळे आय-लीगबाहेर गेला. मुंबई एफसी २०१७ मध्ये तळाला गेला आणि मग उरलाच नाही. पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला. ज्या शिडीने तो चढला, तिच्या तीन पायऱ्या त्याच्या मागे निखळल्या. मुंबईची ही गत, तर मार्कंड्याच्या मुलाने पाय कुठे ठेवायचा?

आपल्या विदर्भात सुरुवात करून देणारे आहेत. नागपूरचे प्रा. विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. 'झुंड' सिनेमामुळे ते सगळ्यांना माहीत झालं. शालेय स्पर्धांमुळे तालुका, जिल्हा, विभाग इथपर्यंत मूल जातं. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. पण शाळा सुटली की सगळं सुटतं. खड्डा आहे तो तिथे.

आपण जमवलेल्या वर्गणीचं काय करायचं, यावर आज दुपारी बैठक आहे. प्रवेशद्वाराचा प्रस्ताव आहे. कमान छान दिसेल, त्यावर आपली नावंही येतील. माझी विनंती एवढीच की कमान थोडी लहान करू या. उरलेल्या पैशातून मैदान सपाट करू, आणि शाळा सोडून गेलेल्या दोन-तीन मुलामुलींचा नागपूरला येण्या-जाण्याचा, राहण्याचा आणि बुटांचा खर्च काही वर्षं उचलू. बदल्यात त्यांनी शिक्षण सोडायचं नाही, ही अट. यातले बहुतेक व्यावसायिक खेळाडू होणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण "नाही" हे उत्तर त्यांना मैदानावर मिळू दे, घाटावर भेटलेल्या कुणा ताईकडून नको.

त्या मुलाला मी फोन केला होता. माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या ताई, रविवारी खेळतो मी अजून." मी विचारलं, कुठल्या जागी? म्हणाला, "मागंच."

माझं बोलणं संपलं. दुपारच्या बैठकीला सगळ्यांनी थांबा, जेवून लगेच पळू नका.