बाळ तिचं, हातभार आपला

(वसई येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अपंग बाईला दिवस गेले की आजूबाजूचे पहिल्यांदा विचारतात, ‘हिचं हिला होत नाही, मूल कोण सांभाळणार?’ या प्रश्नात निकाल आधीच दिलेला असतो. तो निकाल कुठवर जातो हे महाराष्ट्राने १९९४ मध्ये पाहिलं. शिरूरच्या शासकीय गृहातल्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. तेव्हा स्त्री संघटनांनीच आवाज उठवला होता.

आज कायदा आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानुसार संमतीशिवाय वंध्यत्व आणणारे उपचार करता येत नाहीत. अपंग स्त्रीला उपजीविकेसाठी आणि मूल वाढवण्यासाठी आधार देणाऱ्या योजना सरकारने करायच्या आहेत. पण रात्री बाळ रडलं तर काय, याची सोय घरातच लावावी लागते, आणि तीही सातव्या महिन्याच्या आत.

ती कशी लावायची? नालासोपाऱ्याच्या चाळीतल्या एका अंध जोडप्याबरोबर बसून आम्ही दोन याद्या केल्या. त्यांना स्वतःला काय जमतं, आणि कुठे दुसऱ्याचे डोळे लागतात. पहिली यादीच लांब निघाली. पाजणं, अंघोळ, लंगोट बदलणं हातांना कळतं. औषधासाठी डोसाच्या खुणेवर खाच पाडलेली सिरिंज. बाळ रांगू लागलं की घुंगरांचे वाळे, म्हणजे आपल्या आज्यांचंच साधन! दुसऱ्या यादीत उरलं एवढंच: बाळ पिवळं दिसतंय का, अंगावर पुरळ आहे का, लसीची तारीख कोणती. त्यासाठी शेजारीण, आशाताई आणि आम्ही वार वाटून घेतले.

प्रत्येकीची यादी वेगळी असते. चाकाच्या खुर्चीवरच्या आईला खुर्चीतून हात पोचेल अशा उंचीचा पाळणा लागतो. बहिऱ्या आईला रडणं दिव्याने किंवा थरथरीने कळवणारं यंत्र लागतं. कळा चालू असताना तिच्याशी खुणांच्या भाषेत कोण बोलणार, हे दवाखान्यात आधीच ठरवून या. जिना आहे की लिफ्ट, संडासात खुर्ची वळते का, हेही पाहून या.

पैशांचंही बघा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन आणि घरी सोडणारी गाडी मोफत आहे. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात, आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेली स्त्री त्याला पात्र आहे. स्थानिक संस्थांनी ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो. वसई-विरार महापालिकेकडे आपण मागूया की त्यातून बाळंतिणीला पहिले तीन महिने मदतनीस बाई द्या.

एक सांभाळा. मदतीला गेलेल्या बायका बाळ आपल्याच मांडीवर घेऊन बसतात आणि आई बाजूला पडते. आपण भांडी घासू, पाणी भरू. बाळ मात्र तिच्याकडेच द्यायचं. आणि आपल्या वस्तीत अशी गरोदर बाई असेल तर याच आठवड्यात तिच्याकडे जाऊन विचारा, ‘तुला काय काय लागेल?’