संस्थेचा जनसंपर्क आणि त्याचे नियोजन
(अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



जनसंपर्क हा शब्द उच्चारला की वृत्तपत्रातील छायाचित्र, हारतुरे, बॅनर आणि पत्रकार परिषद डोळ्यांसमोर उभी राहते. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी स्वतंत्र खाते असते. वर्गणीवर चालणाऱ्या आपल्या संस्थांचा त्याच्याशी काय संबंध, असेही पुष्कळांना वाटते. आमचे मत वेगळे आहे. ज्या संस्थेजवळ पैसा कमी, तिला वाया गेलेला शब्द सर्वांत महाग पडतो. म्हणून आपले म्हणणे कोणापर्यंत, कोणाच्या तोंडून आणि कशासाठी न्यायचे, हे तिने आधी ठरविले पाहिजे. पुस्तकी व्याख्या सांगत बसण्यापेक्षा आपल्याच देशातील एक उदाहरण आम्ही आपल्यापुढे ठेवतो. ते आहे पोलिओच्या डोसाचे.

पल्स पोलिओ मोहीम देशभर सुरू झाली ती १९९५ साली. लस फुकट होती, बूथ जवळ होता, 'दो बूँद ज़िंदगी की' ही घोषणा घरोघर पोहोचली होती. अमिताभ बच्चन दूरदर्शनवरून आईबापांना चक्क रागावत होते आणि त्या रागावण्याचा उपयोगही झाला. तरीही २००२ साली देशात १६०० मुलांना पोलिओ झाला. त्यांतील बाराशेहून अधिक मुले एकट्या उत्तर प्रदेशातील होती. म्हणजे ज्यांना ऐकू जायचे त्यांना ऐकू गेले होते, पण काही दारे बंदच होती.

या ठिकाणी एखाद्या खात्याने काय केले असते? पोस्टर दुप्पट छापले असते. लोक अडाणी आहेत असा शेराही मारला असता. मोहिमेतील जाणत्या माणसांनी मात्र दार का बंद आहे ते विचारायला सुरुवात केली, आणि आमच्या मते खरे नियोजन तेथून सुरू झाले.

पथक घरोघर जाई तेव्हा भिंतीवर खडूने खूण करी. सर्व मुलांना डोस मिळाला असेल तर 'पी', कोणी राहिले असेल तर 'एक्स'. पण नुसता 'एक्स' लिहून भागत नव्हते, त्याचे कारणही नोंदवावे लागे. कुठे घराला कुलूप, कुठे मूल मामाच्या गावाला गेलेले, कुठे मूल आजारी आणि कुठे सरळ नकार. ही कारणे वेगळी म्हणून प्रत्येकाचा उपायही वेगळा. कुलूप असलेल्या घरी भाषण देऊन काय होणार? तेथे संध्याकाळी पुन्हा जावे लागते. प्रवासातील मुलांसाठी रेल्वे स्थानकांवर आणि बस स्थानकांवर पथके उभी राहिली. वीटभट्ट्या आणि बांधकामांवरील पालांची यादी झाली. संवादाची खरी गरज उरली ती नकाराच्या घरांत.

तो नकार कशामुळे होता? या डोसाने मुले पुढे नपुंसक होतील अशी अफवा होती, हे आपण ऐकले असेल. परंतु तिच्यामागे एक सरळ प्रश्न उभा होता. आमच्या वस्तीत गटार नाही, तापाला औषध मिळत नाही, बाळंतपणाला नर्स येत नाही. मग या एकाच औषधासाठी सरकार पुन्हा पुन्हा दार का ठोठावते? हा प्रश्न आम्हाला अडाणीपणाचा वाटत नाही. ज्यांच्याकडे एरवी कोणी फिरकत नाही, त्यांनी अचानक आलेल्या आस्थेचा संशय घेणे स्वाभाविक आहे. आपल्या वस्त्यांतून वाढलेल्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याला उत्तर दोन प्रकारे दिले गेले. पहिले म्हणजे बोलणारा माणूस बदलला. युनिसेफच्या साहाय्याने त्याच मोहल्ल्यातील स्त्रिया कार्यकर्त्या म्हणून नेमल्या गेल्या आणि एकेकीकडे काहीशे घरे सोपविली गेली. पुष्कळ मशिदींतून इमामांनी आवाहन केले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया यांसारख्या संस्थांतील मंडळी लोकांशी बोलायला गेली. वस्तीतील मुलांच्या 'बुलावा टोळ्या' डोसाच्या दिवशी गल्लीतून हाका मारीत फिरल्या. मोठ्या नटाचा शब्द दहा कोटी घरांत जातो, पण शंका असलेली आई शेजारणीलाच विचारते.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आणि संस्था बहुधा तेच टाळतात. नुसते शब्द न बदलता कामात भर घातली गेली. अडचणीच्या भागांत आरोग्य शिबिरे भरली, इतर लसी, हात धुणे, जुलाबावरील उपचार, तान्ह्या बाळाचे स्तनपान हे विषय डोसाबरोबर आले. २००९ साली उत्तर प्रदेश व बिहारमधील १०७ तालुके अतिधोक्याचे ठरवून सारे बळ तेथे लावले गेले. लोकांची तक्रार खरी असेल तर तिला खुलाशाने नव्हे, सोयीने उत्तर द्यावे लागते.

अर्थात सर्व श्रेय संवादाला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २००९ साली देशात ७४१ रुग्ण होते. जानेवारी २०१० पासून द्विगुणी लस वापरात आली, तिचाही वाटा फार मोठा. परंतु लस कितीही चांगली झाली तरी दार उघडल्याशिवाय ती तोंडात पडत नाही. २०१० साली ४२ रुग्ण झाले आणि २०११ च्या जानेवारीत हावडा जिल्ह्यातील एक मुलगी ही शेवटची रुग्ण ठरली. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त प्रमाणित झाला.

आता आपल्या संस्थांकडे वळू. शैक्षणिक मदतीची सूचना फलकावर लागते. 'इच्छुकांनी उत्पन्नाच्या दाखल्यासह अर्ज करावा.' अर्ज कमी आले की लोकांना आस्था नाही, असा निष्कर्ष निघतो. धुणीभांडी करणाऱ्या आईला तो दाखला कोठे मिळतो, त्यासाठी तहसील कचेरीत किती खेटे घालावे लागतात आणि किती दिवसांचे काम बुडते, हे कोणी विचारलेले नसते. त्यात गळते ते एका मुलीचे अकरावीचे वर्ष. अशा वेळी फलक मोठा करण्यापेक्षा एका सभासदाने तिच्याबरोबर कचेरीत जाणे हाच उत्तम जनसंपर्क होय.

विद्यार्थी मित्रहो, हे काम तुमच्या आवाक्यातले आहे. अर्जाची मुदत संपण्यापूर्वी निदान तीन आठवडे, ज्या घरांतून अर्ज आला नाही त्यांची यादी मंडळाकडून मागून घ्या. दोघादोघांनी जा, त्यांत एक त्याच गल्लीतला असू द्या. कुलूप, अडचण, गैरसमज की नकार, हे घरच्या माणसाच्याच शब्दांत वहीत उतरवा. उपदेश करू नका. ती वही कार्यकारिणीच्या बैठकीत वाचा आणि पुढचे पत्रक त्यानंतरच छापायला द्या.