हार्ड डिस्कची वाटणी आणि त्यापूर्वीची तजवीज

संगणकाची सी ड्राइव्ह काठोकाठ भरली आहे, डी ड्राइव्ह निम्म्याहून अधिक रिकामी आहे, आणि जागा संपल्याची सूचना पडद्यावर वारंवार उमटू लागली आहे, अशा वेळी डीमधील थोडी जागा काढून सीला जोडून द्यावी, असा विचार मनात येणे अत्यंत स्वाभाविक आहे. त्यासाठीची साधने आज कोणालाही उपलब्ध आहेत आणि हे काम बहुतेक वेळा निर्विघ्न पारही पडते. परंतु बहुतेक वेळा पार पडणाऱ्या कामाच्या भरवशावर घरातील छायाचित्रे, दुकानाचे हिशेब आणि मुलांचे प्रबंध सोडून द्यावेत काय, याचा विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

डिस्कवरील विभाग, म्हणजे पार्टिशन, कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, याची नोंद डिस्कच्या आरंभीच असते. 1983 पासून चालत आलेल्या एमबीआर पद्धतीत ही नोंद पहिल्या 512 बाइटांच्या सेक्टरात, चार विभागांना प्रत्येकी 16 याप्रमाणे, अवघ्या 64 बाइटांत सामावलेली असते. नव्या जीपीटी पद्धतीत या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस ठेवली जाते, ही चांगली व्यवस्था आहे. पण ती प्रत हद्दींची आहे, आपल्या मजकुराची नव्हे, हे विसरता कामा नये.

शेताचा बांध सरकवला तरी पीक जागचे हलत नाही. डिस्कचे तसे नाही. डी हा विभाग सीच्या पुढे असतो. त्यामुळे सी वाढवायची तर डीची सुरुवातच पुढे न्यावी लागते, आणि सुरुवात हलली की तेथील सारा मजकूर उचलून नव्या जागी मांडावा लागतो. विंडोजचे स्वतःचे साधन हे स्थलांतर करीत नाही. सीला लागून मोकळी जागा नसेल, तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय निस्तेज दिसतो, आणि मग मनुष्य एकतर डी विभागच पुसून टाकतो किंवा दुसऱ्या एखाद्या प्रणालीचा आश्रय घेतो. शेकडो गीगाबाइटांचे हे स्थलांतर तासन् तास चालते, आणि त्या अवधीत वीज गेली, केबल निसटली किंवा डिस्कवर एखादा खराब सेक्टर आडवा आला, तर अर्धा मजकूर जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी, अशी अवस्था होऊन बसते.

म्हणून प्रथम नक्कल, मग वाटणी. ही नक्कल दुसऱ्याच उपकरणावर हवी. डीवरील फाइली सीवर ठेवल्याने काहीच साधत नाही, कारण दोन्ही विभाग एकाच डिस्कचे असतात. बाहेरून जोडावयाची यूएसबी हार्ड डिस्क या कामी उत्तम. पेन ड्राइव्ह वापरणार असाल, तर ती फॅट-32 पद्धतीची आहे काय, हे पाहून घ्या. तसे असल्यास 4 गीगाबाइटांची एकच मोठी फाइल, उदाहरणार्थ लग्नाचे चित्रीकरण, तिच्यावर उतरणार नाही.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर सर्वांच्या ध्यानात असतात. राहून जाते ते निराळेच. टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुकची पीएसटी फाइल आणि ब्राउझरमधील बुकमार्क आवर्जून उतरवून घ्या. ज्यांच्याकडे श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलिखित केलेला मराठी मजकूर आहे, त्यांनी त्या फाइलींबरोबर ते फॉन्टही जतन करावेत. कारण फॉन्ट गेला की फाइल शाबूत असूनही पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग तेवढी उमटते. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल, तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. तिच्यावाचून ऐन वेळी आपल्याच संगणकाचे दार आपणांस बंद होऊ शकते.

नक्कल झाली की तिची खातरजमा करा. मूळ फोल्डर आणि नक्कल यांच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये फाइलींची संख्या व आकार जुळतात काय, हे ताडून पाहा, आणि शक्य तर दुसऱ्या संगणकावर, निरनिराळ्या फोल्डरांतील काही फाइली प्रत्यक्ष उघडा. छायाचित्र पूर्ण दिसते काय, हिशेबाचे शेवटचे पान आहे काय, हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून ‘बॅकअप झाला’ असे म्हणू नये. त्यानंतर ती डिस्क संगणकापासून सोडवून बाजूला ठेवा, म्हणजे पार्टिशन करताना चुकून तिचीच निवड होण्याचा संभव उरणार नाही. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असू द्या. मेजावरच्या संगणकाला यूपीएसचा आधार द्या.

इतके करूनही विघ्न आले आणि ‘डिस्क फॉर्मॅट करावी काय’ असा प्रश्न पडद्यावर आला, तर नकार द्या आणि त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नका. एसएसडीवर पुसलेला मजकूर ट्रिम या सोयीमुळे बहुधा परत मिळत नाही, तेव्हा पुनर्प्राप्तीच्या आशेवर विसंबणे धोक्याचे.

एक दिवस नकलेसाठी द्या आणि वाटणी दुसऱ्या दिवशी हाती घ्या. घाईत केलेली नक्कल तपासली जात नाही, आणि तपासली न गेलेली नक्कल कोणाच्याही कामी येत नाही. वाटणी यशस्वी झाल्यावरही काही आठवडे ती नक्कल पुसू नका. आणि यानिमित्ताने लागलेली ही सवय पुढेही, डिस्कला हात लावावयाचा नसला तरी, चालू ठेवा.