'आधी'च्या फोटोतली मुलगी

(जुन्नर-आंबेगाव परिसरातील तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



टीव्हीवरचा मेकओव्हर आणि आपला आत्मसन्मान, असा विषय मला दिला आहे. विषय ऐकून मागे बसलेली मुलं हसली. हसा. पण उंची वाढवायची पावडर आणि जिममधला आरसा हेही याच विषयात येतं, एवढं लक्षात ठेवा.

2003 साली मी नववीत होते. मंचरजवळ आमचं गाव. त्या वर्षी सोनी वाहिनीवर 'जस्सी जैसी कोई नहीं' सुरू झाली. चष्मा, दातांना तारा, ढगळ कपडे, पण हुशार आणि प्रामाणिक मुलगी. मीही सावळी, मलाही चष्मा. वाटायचं, ही आपली मालिका आहे. पुढे कथानकात जस्सीचं रूप पालटलं. चष्मा गेला, तारा गेल्या. आमच्या घरात जमलेल्या सगळ्या बायका खूश झाल्या, मीही झाले. रात्री आरशासमोर उभी राहिले आणि मनात आलं, माझा तो एपिसोड कधी येणार?

दोन वर्षं जिच्या हुशारीवर मी प्रेम केलं होतं, ती हुशारी त्या रात्री मला पुरेशी वाटली नाही.

एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. जस्सीचं काम करणाऱ्या मोना सिंग मुळात तशा दिसतच नव्हत्या. त्यांना रोज मेकअप करून 'साधी' बनवलं जायचं आणि त्यांचा खरा चेहरा वाहिनीनं बरेच दिवस लोकांपासून लपवून ठेवला होता. आता मराठीतलं उदाहरण घ्या. 2019 मध्ये स्टार प्रवाहवर 'रंग माझा वेगळा' आली. सावळ्या मुलीच्या अपमानाची गोष्ट. तुमच्या घरातही बघितली असेल. तिची नायिका रेश्मा शिंदे. त्यांचा रंगही मेकअपनं गडद केलेला होता. सावळ्या मुलीची बाजू मांडणाऱ्या मालिकेलाही सावळी मुलगी नायिका म्हणून घ्यावीशी वाटली नाही.

म्हणजे बघा, टीव्हीवर सुंदर मुलगी मेकअपनं बनते हे आपल्याला माहीत असतं. 'कुरूप' मुलगीसुद्धा मेकअपनंच बनते, हे मात्र कुणी सांगत नाही. 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो कसे काढतात? 'आधी'ला उजेड कमी, केस विस्कटलेले, चेहरा पडलेला. 'नंतर'ला समोरून उजेड आणि ओठांवर हसू. मोबाइल काढा आणि एकाच दिवशी स्वतःचे दोन्ही फोटो काढून बघा. क्रीम न लावता तुमचा मेकओव्हर होईल.

अमेरिकेत 2004 मध्ये फॉक्स वाहिनीवर 'द स्वान' नावाचा कार्यक्रम आला. त्यात बायकांवर शस्त्रक्रिया करायचे आणि काही महिने त्यांना आरसाही बघू द्यायचे नाहीत. शेवटी दोघींना पडद्यासमोर आणायचे. एवढं सोसल्यावर त्यातल्या एकीला सांगायचे, तू पुढच्या सौंदर्यस्पर्धेला पात्र नाहीस. या खेळात 'नंतर'लाही नापास करता येतं. कारण परीक्षा घेणारा तोच, गुण देणारा तोच आणि क्लास चालवणाराही तोच.

आता आपल्या घरात येऊ. माझ्या रिश्त्यासाठी फोटो काढायचा होता. अम्मीनं स्टुडिओवाल्याला सांगितलं, "जरा गोरा करके देना." त्यानं दिला. बघायला आलेल्या खालांनी आधी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "फोटो में अलग दिखती थी." पुढे निरोप आलाच नाही. त्या दिवशी मला त्या बाईंचा राग आला नाही. त्या फोटोतल्या मुलीचा हेवा वाटला. स्वतःच्याच खोट्या फोटोचा हेवा वाटणं यापेक्षा वाईट काय असतं, मला माहीत नाही. अम्मीचाही दोष नव्हता. आपल्या मुलीला नकार मिळू नये, एवढंच तिला हवं होतं.

आपण हजरत बिलाल यांचं नाव अभिमानानं घेतो. वंशावरून, रंगावरून माणूस मोठा ठरत नाही, हे भाषणात सांगतो. आणि रिश्त्याच्या बायोडेटात पहिल्या चार ओळींतच लिहितो, रंग गोरा.

बाजाराला हे पक्कं ठाऊक आहे. 'फेअर अँड लव्हली' 1975 मध्ये आली. 2020 मध्ये तिचं नाव 'ग्लो अँड लव्हली' झालं. सावळ्या माणसाला दुःखी किंवा अनाकर्षक दाखवू नये, असा नियम जाहिरात मानक परिषदेनं 2014 मध्येच केला होता. नावं बदलतात, नियम होतात, पण आपण रिश्ता बघताना विचारतो तो प्रश्न तोच राहतो.

याची किंमत फक्त मनाला मोजावी लागत नाही. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली. गोरं करणारं क्रीम वापरणाऱ्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. आपल्या देशात त्वचेच्या क्रीममध्ये दहा लाखांत एक भागाहून जास्त पारा चालत नाही. म्हणून डबीवर कंपनीचा पत्ता, बॅच नंबर आणि त्यात काय काय आहे हे छापलेलं नसेल, तर ती डबी घरात आणू नका.

गैरसमज नको. नटणं वाईट नाही. आपल्या कितीतरी बहिणींचं घर ब्युटी पार्लरवर चालतं. ईदला मीही मेंदी काढते, काजळ घालते. काजळ घालताना मी खूश असते. क्रीम लावताना मी घाबरलेली असायचे. नटणं आणि स्वतःला लपवणं यातला फरक मी त्यावरून ओळखते.

शेवटी जुन्नरचीच गोष्ट. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला निजामशाहीची राजधानी काही काळ इथे होती आणि कारभार होता मलिक अंबरच्या हातात. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत त्याचा उल्लेख काळ्या तोंडाचा असा करतो. 1616 च्या सुमारास दरबारी चित्रकार अबुल हसननं एक चित्र काढलं. त्यात जहांगीर अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. प्रत्यक्षात असं कधी घडलंच नाही. अंबर 1626 मध्ये नैसर्गिक मरणानं गेला, तोवर मोगलांना त्याला संपवता आलं नव्हतं. त्याची जमीन महसुलाची पद्धत आजही इतिहासाच्या पुस्तकात आहे. रंगावरून शिवी देणाऱ्या बादशहाला विजय मिळाला तो चित्रात.

तुमच्याकडून मला दोनच गोष्टी हव्या आहेत. मुलांनो, घरात तुमच्या रिश्त्याची गोष्ट निघेल तेव्हा "लडकी गोरी है क्या?" हा प्रश्न तुमच्या नावानं विचारू देऊ नका. नको म्हणायला एक वाक्य पुरतं. आणि मुलींनो, बायोडेटाला लावायचा फोटो आहे तसाच द्या. जो येईल, तो तुम्हाला बघायला येऊ दे.

माझ्या मुलीनं मागच्या महिन्यात विचारलं, "अम्मी, मी काळी आहे का?" मी म्हटलं, "हो, माझ्यासारखी." ती खेळायला पळाली. मी मात्र बराच वेळ तिथेच बसून होते. हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघायला मला वीस वर्षं लागली होती. तुम्हाला एवढी लागू नयेत.